लाव, काढ, बंद कर : घरातली स्क्रीन एआयच्या हाती देताना

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

ट्रेनमध्ये असाल तर आधी नीट उभे राहा, मग ऐका. आजचा विषय जरा टेक्निकल आहे, पण सुरुवात आपण आपल्या मराठीपासून करू.

ही वाक्यं ऐका. पंखा लाव. टीव्ही लाव. कुकर लाव. अलार्म लाव. दार लाव. कुलूप लाव. पडदे लाव.

सात वाक्यं, क्रियापद एकच. पहिल्या चारांत काहीतरी सुरू होतं. पाचव्यात आणि सहाव्यात काहीतरी बंद होतं. आणि ‘पडदे लाव’ म्हणजे तर दोन गोष्टी होऊ शकतात: उघडे पडदे ओढून घेणं, किंवा धुऊन वाळलेले पडदे परत दांडीवर चढवणं. तुम्हाला, मला, शेजारच्या काकूंना यात काहीच अडत नाही. आपण घर बघितलेलं असतं, दार म्हणजे काय ते माहीत असतं.

आता हेच वाक्य अशा कोणालातरी सांगा, ज्याने तुमचं घर कधी बघितलेलं नाही, ज्याला दार दिसत नाही, आणि ज्याच्या हातात फक्त एक यादी आहे: या घरात कोणकोणत्या गोष्टी करता येतात त्याची. हा ‘कोणीतरी’ म्हणजे एआय एजंट. आणि ती यादी कोणीतरी लिहिलेली असते. आजचा भाग त्या यादीबद्दल आहे, कारण ती यादी लिहिणं हे सध्या माझं आवडतं काम आहे.

थोडी ओळख करून देते. मी टेक्निकल रायटर आहे, ऑफिस अंधेरीला, घर मुलुंडला. म्हणजे रोज घाटकोपरला उतरून मेट्रो. ऑफिसात मी सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिते. इतकी वर्षं ती माणसं वाचायची, खरं सांगायचं तर बहुतेक माणसं वाचायचीच नाहीत. काही अडलं की फोन करायची. आता गंमत अशी झालीय की एक वाचक असा आलाय जो प्रत्येक ओळ वाचतो, दर वेळी वाचतो, आणि वाचलं की लगेच काहीतरी करून मोकळा होतो.

हे कसं चालतं ते दोन मिनिटांत सांगते. भाषेचं मॉडेल, म्हणजे आपण ज्याच्याशी गप्पा मारतो ते, स्वतःहून तुमचा दिवा लावू शकत नाही. त्याला ‘टूल’ द्यावी लागतात. एका टूलमध्ये मुख्यतः तीन गोष्टी असतात: नाव, वर्णन, आणि त्याला कोणती माहिती द्यायची याचा साचा. मॉडेल हे तिन्ही वाचतं, तुमचं वाक्य वाचतं, आणि ठरवतं की कोणतं टूल उचलायचं. टूलच्या आतला कोड त्याला दिसत नाही. त्याच्यासाठी वर्णन हीच वस्तू.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने यासाठी एक सामायिक पद्धत जाहीर केली, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, थोडक्यात एमसीपी. आणि घरातल्या उपकरणांसाठी होम असिस्टंट नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, पाउलस स्काउट्सन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं. घरातल्याच एखाद्या छोट्या कॉम्प्युटरवर ते चालतं. त्यात २०२५ च्या फेब्रुवारीत एमसीपीची सोय आली. म्हणजे बाहेरचा एआय एजंट तुमच्या घरातले दिवे, पंखे, पडदे, स्क्रीन हाताळू शकतो. अर्थात तुम्ही परवानगी दिली असेल तेवढ्याच गोष्टी.

आता होम असिस्टंटमधली दोन टूलं बघा. एकाचं नाव ‘हॅसटर्नऑन’, दुसऱ्याचं ‘हॅसटर्नऑफ’. पहिल्याचं इंग्रजी वर्णन आपल्या भाषेत सांगायचं तर असं: वस्तू चालू करतं, उघडतं किंवा तिचं बटण दाबतं, आणि कुलूप असेल तर कुलूप लावतं. दुसरं बरोबर उलट: बंद करतं, मिटतं, आणि कुलूप असेल तर ते उघडतं.

यामागे कारण आहे. शंभर वेगवेगळी टूलं दिली तर मॉडेल गोंधळतं, म्हणून थोडक्या टूलांत सगळं बसवलंय. आणि कुलपाबद्दलचं ते एक वाक्य मुद्दाम घातलंय, कारण ते नसतं तर ‘लॉक ऑन’ म्हणजे काय हे कोणालाच सांगता आलं नसतं. वर्णन लिहिणाऱ्याने तिथे त्याचं काम चोख केलंय.

पण आता मराठी आणा. ‘कुलूप लाव’: लाव म्हणजे ऑन, ऑन म्हणजे लॉक. जमलं! ‘पडदे लाव’: लाव म्हणजे ऑन, ऑन म्हणजे उघड. झालं उलटं. ‘मेन डोअरचं लॉक बंद कर’: बंद म्हणजे ऑफ, आणि ऑफ म्हणजे कुलूप उघड! आईला म्हणायचं होतं दार नीट बंद कर, आणि शब्दाला शब्द लावला तर निघतो नेमका उलटा अर्थ.

चांगलं मॉडेल बहुतेक वेळा संदर्भावरून बरोबर ओळखतं, हे मी मान्य करते. पण ‘बहुतेक वेळा’ हे पंख्याला चालतं. मेन डोअरला चालत नाही. होम असिस्टंटमध्ये कुलपं मुळात एजंटला दिलेलीच नसतात, आपण मुद्दाम द्यावी लागतात, तेही याचसाठी. आमच्या घरचं कुलूप मी दिलेलं नाही. देणारही नाही.

मग मी दिलंय काय? स्क्रीन. एक जुना अँड्रॉइड टॅब्लेट होता. तो हॉलच्या भिंतीवर, जेवणाच्या टेबलाच्या वर लावलाय. त्यावर फुली किऑस्क ब्राउझर नावाचं अ‍ॅप आहे, ते टॅब्लेटला कायमची उघडी स्क्रीन बनवतं आणि होम असिस्टंटला जोडतं. तुमच्याकडे गूगलचा नेस्ट हब असेल तर त्यावरही कास्ट करून होम असिस्टंटचं पान दाखवता येतं. महागडं काही नको, मुद्दा तोच राहतो.

मी सकाळी आठला घराबाहेर पडते, रात्री आठला येते. मधले बारा तास घरात आई एकटी. तिच्या गोळ्यांच्या वेळा, पाणी येण्याची वेळ, आज कोण येणार आहे, नातवंडांचे फोटो, हे सगळं त्या स्क्रीनवर. म्हणून त्या स्क्रीनच्या टूलांची वर्णनं मी स्वतः लिहिली. सगळा जीव त्यातच अडकलाय म्हणा ना.

आता बघा, अशा टूलचं वर्णन साधारण कसं लिहिलेलं सापडतं? ‘स्क्रीनवर मजकूर दाखवतं.’ बस. खोटं काही नाही त्यात. पण एजंटच्या जागी बसून बघा. कुठली स्क्रीन? आधी काही चालू असेल तर त्याचं काय होणार? किती वेळ दिसणार? आवाज होणार का? खोलीत कोण असेल?

माझं वर्णन असं आहे, वाचून दाखवते:

‘हॉलमधल्या भिंतीवरच्या टॅब्लेटवर मोठ्या अक्षरांत मजकूर दाखवतं. आधीचं पान झाकलं जातं, दोन मिनिटांनी आपोआप परत येतं. आवाज होत नाही. खोलीतल्या कोणालाही हा मजकूर वाचता येतो, म्हणून ओटीपी, बँकेचे मेसेज किंवा तब्येतीचे रिपोर्ट इथे दाखवू नयेत. मजकूर दाखवला म्हणजे तो कोणी वाचला, असं समजू नये.’

यातलं शेवटचं वाक्य माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. का ते सांगते. समजा मी ऑफिसातून एजंटला म्हटलं, ‘आईला दुपारची गोळी घ्यायला सांग.’ तो स्क्रीनवर मजकूर दाखवतो, टूलकडून उत्तर येतं ‘यशस्वी’, आणि एजंट मला सांगतो, ‘हो, आईंना सांगितलंय.’ मी निर्धास्त. पण आई तेव्हा आतल्या खोलीत झोपलेली असू शकते. ‘यशस्वी’ याचा अर्थ एवढाच की टॅब्लेटवर अक्षरं उमटली. त्या वर्णनामुळे एजंट मला म्हणतो, ‘मजकूर दाखवला आहे, त्यांनी पाहिला की नाही हे मला कळत नाही.’ मग मी सरळ फोन लावते. एका वाक्याने एवढा फरक पडतो. घरातल्या डिस्प्लेचं हेच वेगळेपण आहे. दिवा लागला तर लागला, पण स्क्रीनचं काम समोरच्या माणसाच्या डोळ्यांपाशी पूर्ण होतं, आणि तिथपर्यंत टूल पोहोचत नाही.

दुसरं उदाहरण. ‘काढ’. आई म्हणते, ‘गणपतीतले फोटो काढ.’ म्हणजे अल्बम उघडून दाखव. ‘हा फोटो काढ तिथून.’ म्हणजे स्क्रीनवरून हटव. ‘एक फोटो काढ गं आमचा.’ म्हणजे कॅमेऱ्याने. तीन वाक्यं, तीन कामं. आता यादीत ‘फोटो काढणं’ या नावाचं एखादं टूल असेल आणि ते फाइल पुसून टाकणारं असेल तर? गेल्या गणपतीचे फोटो गेले. म्हणून माझ्या यादीत ‘काढ’ हा शब्द कुठल्याही टूलच्या नावात नाही. नावं आहेत ‘फोटो दाखव’, ‘दिसत असलेला फोटो झाक’, आणि वर्णनात आईची वाक्यं जशीच्या तशी उदाहरण म्हणून. फोटो पुसण्याचं टूल दिलेलंच नाही.

तिसरा शब्द, ‘मोठं कर’. अक्षर मोठं? आवाज मोठा? की चित्र मोठं? इथे मी वर्णनात लिहिलंय: कशाबद्दल म्हणताहेत हे कळलं नाही तर आधी विचारा. एजंटला ‘विचारा’ असं सांगायची मुभा आपल्याला असते, आणि बरेच जण ती वापरत नाहीत.

आता जरा तांत्रिक गोष्ट, पण लिफ्टच्या उदाहरणाने. लिफ्टचं बटण तुम्ही एकदा दाबा की दहादा, लिफ्ट एकदाच येते. पण टीव्हीच्या रिमोटचं लाल बटण दोनदा दाबलं की टीव्ही चालू होऊन परत बंद. नेटवर्क हळू असेल, उत्तर वेळेत आलं नाही, तर एजंट तेच टूल पुन्हा वापरून बघू शकतो. तेव्हा ते लिफ्टसारखं आहे की रिमोटसारखं, हे त्याला माहीत असायला हवं. एमसीपीमध्ये यासाठी खुणा आहेत: हे टूल फक्त बघतं की बदलही करतं, काही कायमचं पुसतं का, पुन्हा वापरलं तर चालतं का. त्या भरा. आणि शक्य असेल तिथे ‘उलटं कर’ असं टूल देण्यापेक्षा ‘चालू कर’ आणि ‘बंद कर’ अशी दोन वेगळी द्या.

आणि बिघाडाबद्दल लिहा! आपल्या घरांत बल्ब स्मार्ट असला तरी भिंतीवरचं बटण जुनंच असतं. झोपताना घरातलं कोणीतरी सवयीने ते खाली करतं. बल्बची वीजच गेली, तर सॉफ्टवेअरला तो ‘उपलब्ध नाही’ असा दिसतो. एजंट काय करेल? पुन्हा प्रयत्न, पुन्हा प्रयत्न, मग ‘क्षमस्व’. माझ्या वर्णनात एक ओळ आहे: ‘उपलब्ध नाही असं उत्तर आलं तर बहुधा भिंतीवरचं बटण बंद आहे, पुन्हा प्रयत्न करू नका, बटण बघायला सांगा.’ ही ओळ कंपनीत बसलेला कोणी लिहिणार नाही. ती घरातल्या माणसालाच सुचते.

आता विचाराल, मग सगळंच लिहून टाकूया का, पानंच्या पानं? नाही. ही सगळी वर्णनं मॉडेलला तुमच्या वाक्याबरोबर पुन्हा पुन्हा वाचावी लागतात. मॉडेल मजकुराचे तुकडे करतं, टोकन म्हणतात त्यांना, आणि आपल्या देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा साधारणपणे जास्त पडतात. म्हणजे खर्च वाढतो, वेळ वाढतो, आणि महत्त्वाची ओळ गर्दीत हरवते. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक ओळीला भाडं आहे. जी ओळ एजंटचा निर्णय बदलत नाही, तिला जागा देऊ नका. ‘हे अत्यंत उपयुक्त टूल आहे’ ही ओळ भाडं बुडवणारी.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. वर्णन कितीही चांगलं लिहा, ती एक पाटी आहे. ‘विनापरवाना आत येऊ नये’ अशी पाटी लावली म्हणून दार बंद होत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी एक प्रात्यक्षिक जाहीर केलं. त्यांनी गूगल कॅलेंडरचं एक साधं आमंत्रण पाठवलं, आणि त्या आमंत्रणाच्या मजकुरात सूचना दडवल्या. घरमालकाने जेमिनीला विचारलं, या आठवड्यात माझ्या कॅलेंडरवर काय आहे? जेमिनीने आमंत्रणं वाचली, त्यातली दडवलेली सूचनाही वाचली. मग घरमालक सहज ‘थँक्स’ म्हणाला, आणि घरातले दिवे गेले, खिडकीचे शटर उघडले, बॉयलर चालू झाला. त्यांनी गूगलला हे आधीच कळवलं होतं आणि गूगलने उपाय केले. पण धडा उरतोच: एजंटसाठी तुमचं वाक्य, टूलचं वर्णन आणि बाहेरून आलेला मजकूर ही शेवटी सगळी अक्षरंच. कोणाचं ऐकायचं आणि काय नुसतं वाचायचं, हा फरक तो दर वेळी करेलच असं नाही.

घरातल्या स्क्रीनवर हे जास्त लागू होतं, कारण तिथे आपण बाहेरचंच दाखवत असतो: कॅलेंडर, मेसेज, बातम्या, सोसायटीच्या नोटिसा. उद्या सोसायटीच्या नोटिशीच्या नावाखाली कोणी काय पाठवेल, सांगता येतं का?

म्हणून माझा नियम असा: जे झालं तर परत फिरवता येत नाही, ते वर्णनात मनाई करून थांबवायचं नाही, मुळात टूलच द्यायचं नाही. कुलूप, गीझर, फोटो पुसणं, कॅमेरा, आमच्याकडे यातलं काहीच यादीत नाही. एमसीपीच्या नियमांतसुद्धा म्हटलंय की अनोळखी सर्व्हरने स्वतःच्या टूलवर लावलेल्या खुणांवर विश्वास ठेवू नये. चोराने ‘मी चोर नाही’ अशी पाटी गळ्यात घातली तर आपण मानतो का?

ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगते. कोडिंग येत नसलं तरी यातलं बरंच जमेल.

एक. आठवडाभर घरातली माणसं कशी बोलतात ते टिपून ठेवा. तुम्ही कसं बोलावं असं वाटतं ते नको, खरंच बोलतात ते. आमच्याकडे ‘बेडरूम’ कोणी म्हणत नाही, ‘आतली खोली’ म्हणतात. होम असिस्टंटमध्ये प्रत्येक वस्तूला अशी टोपणनावं देता येतात. द्या.

दोन. प्रत्येक टूलसाठी चार प्रश्नांची उत्तरं लिहा. वापरलं की घरात प्रत्यक्ष काय बदलतं? काय होत नाही? अडलं तर काय करायचं? आणि कुठल्या वाक्यांना हे टूल उचलायचं नाही? चौथा प्रश्न सगळे विसरतात.

तीन. ‘लाव’, ‘काढ’, ‘बंद कर’, ‘मोठं कर’ असे शब्द टूलच्या नावात टाळा, आणि वर्णनात अख्ख्या वाक्यासकट लिहा. ‘पडदे लाव: म्हणजे पडदे मिटायचे’, एवढं पुरतं.

चार, आणि हे मला फार उपयोगी पडलं. यादी अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला तुमची मांडणी माहीत नाही. माझी मावसबहीण बोरिवलीला असते. तिला मी फोनवर टूलांची वर्णनं वाचून दाखवली, मग आईची वीस वाक्यं एकेक करून म्हटली आणि विचारलं, ‘तू कुठलं टूल उचलशील?’ जिथे ती थबकली, ‘अगं थांब, यात दोन बसतात’ म्हणाली, तिथे माझं वर्णन अजून पुरं नव्हतं. जिथे माणूस थबकतो, तिथे मॉडेल बहुधा थबकत नाही. ते अंदाज लावून पुढे जातं, आणि पंचाईत तिथेच होते.

शेवटी एकच सांगते. ही टूलं बनवणारे लोक आपल्या घरात बसलेले नाहीत. ‘लाव’चे दोन अर्थ त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. ते माहीत आहेत तुम्हाला, मला, आणि आपल्या आज्यांना. त्यामुळे हे लिहिण्याचं काम मोठ्या इंजिनिअरचं आहे असं समजून बाजूला बसू नका. ज्याला घर माहीत आहे, भाषा माहीत आहे, आणि दोन सरळ वाक्यं लिहिता येतात, त्याचं हे काम आहे. घरातलं सगळ्यात वयस्क माणूस त्या स्क्रीनसमोर एकटं असताना काय होईल, एवढा विचार करून लिहा.

गृहपाठ देते. आज घरी गेलात की कान उघडे ठेवा, आणि एकच शब्द पण दोन उलटे अर्थ, असं एक वाक्य पकडून मला पाठवा. आपल्या बोलीतलं असेल तर फारच छान. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, काहीही चालेल. चांगली वाक्यं पुढच्या भागात वाचून दाखवेन.

तोवर काळजी घ्या. स्टेशन आलं असेल, उतरा!